मुका झालेला हॉर्न
अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात बांधलेली मोटरहोम, म्हणजेच चाकांवरची घरे, हौशी कुटुंबे अजूनही जपून वापरतात. अशा जुन्या वाहनाचा हॉर्न मुका झाला की नवा विकत आणण्याचा मोह होतो. दोष मात्र पुष्कळदा हॉर्नमध्ये नसून त्याच्यापर्यंत येणाऱ्या विजेच्या वाटेवर असतो.

त्या काळच्या अमेरिकी वाहनांत स्टिअरिंगवरील बटण सहसा हॉर्नला थेट वीज देत नाही. ते दाबताच रिलेची तार वाहनाच्या लोखंडी सांगाड्याशी जोडली जाते आणि रिले बॅटरीची वीज हॉर्नकडे सोडतो.

प्रथम फ्यूज पाहावा. तो शाबूत असल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीपासून फ्यूज लावलेली तार थेट हॉर्नला जोडावी. हॉर्न न वाजल्यास त्याच्या बोल्टवरील गंज घासून पुन्हा पाहावे. तरीही मौनच असेल, तर हॉर्न बदलावा. वाजल्यास बटणाकडून रिलेला येणाऱ्या तारेची जोडणी क्षणभर सांगाड्याला टेकवावी. आता आवाज आला, तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत. न आला, तर रिलेत किंवा पुढच्या तारेत.

ताळा न जुळल्यास जाणता हिशेबनीस वही फेकत नाही, एकेक नोंद पडताळतो. येथेही तोच क्रम खर्च वाचवतो. मात्र एवढे अवजड वाहन इशाऱ्याविना रस्त्यावर नेणे इतरांच्या जिवाशी खेळणे होय. दोष सापडेपर्यंत प्रवास थांबवावा.