कामगाराचे शिक्षण : झोप मोडून नव्हे, पगारी वेळेत

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही अन्य तीन श्रमसंहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात अमलात आली. या संहितेच्या ८३व्या कलमात कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी एक निधी उभारण्याची तरतूद आहे. ज्या कामगाराची कपात होईल त्याच्या शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम मालकाने या निधीत भरावयाची आणि कपातीपासून ४५ दिवसांच्या आत ती कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची, अशी ही योजना आहे. कामगारांना मिळालेला नवा लाभ म्हणून सरकारी पत्रकांतून तिचा गौरव होत आहे.

हा लाभ केवढा आहे, हे मोजून पाहण्यासारखे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत आयटीआयमध्ये, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होण्यास दोन वर्षे लागतात आणि वेल्डर होण्यास एक वर्ष. हा अभ्यासक्रम सरकारनेच ठरविलेला आहे. ज्या सरकारला एक धंदा शिकण्यास दोन वर्षे लागतात हे ठाऊक आहे, तेच सरकार चाळिशीतल्या, कुटुंबवत्सल कामगाराला दुसरा धंदा शिकण्यासाठी १५ दिवसांचे वेतन पुरेसे मानते. शिवाय हे वेतनही सर्वांना मिळणार नाही. मुदतबंद नेमणुकीवरील कामगाराची मुदत संपली, तर संहितेच्या व्याख्येनुसार ती कपातच ठरत नाही. कंत्राटदार बदलला म्हणून ज्याला उद्यापासून फाटकाबाहेर राहण्यास सांगितले जाते, त्याची कपात झाली असे कागदावर कोण नोंदविणार?

परंतु या तरतुदीतील मुख्य दोष रकमेचा नाही, वेळेचा आहे. निधीचे दार नोकरी गेल्यावर उघडते. कामगार यंत्रासमोर उभा असताना, त्याला वेतन मिळत असताना, त्याच कारखान्यात नवे यंत्र येऊ घातले असताना त्याला शिकविण्याची कोणतीही जबाबदारी हे कलम मालकावर टाकीत नाही. शिकण्याची खरी वेळ तर तीच असते.

दिल्लीचे दोन धडे

दिल्ली आणि तिच्या भोवतालचा औद्योगिक प्रदेश यांनी हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत पुन्हा पुन्हा अनुभवला आहे. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ कारखाने घातक ठरवून ते ३० नोव्हेंबर १९९६ पर्यंत शहरात बंद करण्याचा आदेश दिला. त्यात जुन्या कापडगिरण्याही होत्या. बिर्ला गिरणी हिमाचल प्रदेशातील बद्दी येथे हलविली गेली. स्थलांतरित होणाऱ्या कामगारांच्या सेवेचे सातत्य, स्थलांतरासाठी एक वर्षाच्या वेतनाइतका बोनस, जे जाणार नाहीत त्यांची भरपाई, असे अनेक हक्क न्यायालयाने ठरवून दिले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी कामगारांना झगडावे लागले. मात्र या साऱ्या हिशेबाचे एकक वेतन हे होते; कौशल्य हे नव्हते. आयुष्यभर मागावर काम केलेल्या विणकराने दिल्लीतच राहावयाचे ठरविले तर त्याने पुढे कोणता धंदा करावा, याचे उत्तर त्या हिशेबात नव्हते. बंदीची तारीख जवळजवळ पाच महिने आधी ठाऊक होती. त्या पाच महिन्यांत कारखाने चालू होते, कामगार कामावर होते. नव्या धंद्याचे शिक्षण सुरू करण्यास याहून योग्य काळ कोणता?

त्या वेळी पैसा नव्हता, असेही म्हणता येत नाही. नव्या आर्थिक धोरणाबरोबरच १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला होता. उद्योगांच्या फेररचनेत विस्थापित होणाऱ्या कामगारांचे पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियुक्ती हा त्याचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश पैसा सार्वजनिक क्षेत्रातील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. म्हणजे ज्या निधीने कामगाराला दुसऱ्या कामापर्यंत न्यावयाचे, त्यानेच त्याला हाती असलेल्या कामाबाहेर काढण्याचा खर्च भागविला. पुढे २००० साली तो निधीही गुंडाळण्यात आला. आजच्या पुनर्प्रशिक्षण निधीकडे पाहताना हा इतिहास विसरून चालणार नाही.

दुसरा धडा बसगाड्यांचा. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. मुदती वाढत गेल्या आणि २००२ च्या अखेरीस शहरातील डिझेल बसगाड्यांची जागा वायूने घेतली. हवा स्वच्छ करण्याची गरज निर्विवाद होती आणि विषारी धुराचा पहिला बळी फुटपाथवरचा श्रमिकच असतो. पण मेकॅनिकच्या दृष्टीने हा केवढा बदल होता! डिझेल इंजिनात दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, तेथे ठिणगी लागत नाही. वायूच्या इंजिनाला स्पार्क प्लग लागतो. डिझेलची टाकी गळली तर जमीन ओली होते. सीएनजीच्या टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाखाली, म्हणजे हवेच्या सामान्य दाबाच्या जवळजवळ २०० पट दाबाखाली असतो, आणि तेथील चूक जिवावर बेतते. न्यायालयाच्या आदेशात बसगाड्यांना मुदत होती, रिक्षांना मुदत होती, गॅस भरण्याची केंद्रे ९ वरून ८० करण्यालाही मुदत होती. ज्या हातांनी ही सारी यंत्रे दुरुस्त करावयाची, त्या हातांच्या शिक्षणाला मुदत नव्हती.

आज तोच बदल विजेच्या रूपाने पुन्हा आला आहे. दिल्ली परिवहन महामंडळाच्या नावाने २०२२ पासून विजेवर चालणाऱ्या बसगाड्या रस्त्यावर येऊ लागल्या. कंत्राटाच्या पद्धतीनुसार या गाड्यांची देखभाल आणि चालक कंपनीचे असतात, वाहक तेवढे महामंडळाचे. याचा अर्थ असा की नव्या तंत्राचे ज्ञान सार्वजनिक आगारातील फिटरपर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद केला जातो. उद्या महामंडळाकडे कुशल माणसे नाहीत, हेच कारण पुढील खाजगीकरणासाठी दाखविले जाईल.

‘शिकाऊ’ कोण आणि शिकतो कोण?

गुरुग्राम, मानेसर, धारूहेडा, बावल, फरिदाबाद आणि नोएडा या पट्ट्यात वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने पसरलेले आहेत. विजेच्या मोटारीला पिस्टन लागत नाही, इंधनपंप लागत नाही, धूर बाहेर टाकणारी नळी लागत नाही. हे भाग बनविण्यात ज्यांची उमर गेली त्या कामगारांना बॅटरी, मोटार आणि उच्च व्होल्टेजची वीज यांचे काम आज शिकावयास हवे. पण या पट्ट्यातील कारखान्यांत शिक्षण या शब्दाचाच अर्थ उलटा करून टाकलेला आहे. कायम कामगार, कंत्राटी कामगार, तात्पुरते कामगार, अप्रेंटिस, विद्यार्थी-प्रशिक्षणार्थी अशा अनेक पायऱ्या एकाच उत्पादनपट्ट्यावर उभ्या असतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १८व्या कलमाने अप्रेंटिसला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले आहे, आणि नव्या संहितेनेही कामगाराच्या व्याख्येतून त्याला वगळले आहे. म्हणून त्याच्याकडून उत्पादन करून घेणे मालकाला स्वस्त पडते. ज्याला कागदावर शिकाऊ म्हटले आहे त्याला उत्पादनाला जुंपतात, आणि ज्याला खरोखर शिकावयाचे आहे त्याला तासाभराची सवड देत नाहीत.

नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्या कामगाराच्या अडचणी अगदी साध्या आहेत, म्हणूनच त्या वरिष्ठांना दिसत नाहीत. त्याची पाळी आठवड्याला बदलते. संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले तर तीन आठवड्यांतील एक आठवडा दुपारपाळीचा, म्हणजे वर्ग बुडालाच. रात्रपाळीच्या आठवड्यात तो वर्गात बसतो, पण झोप मोडून. त्यावर जादा तासांची सक्ती. ज्याने काम करता करता धंदा शिकून घेतला आहे, त्याला खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्याचा मार्ग आहे. पण त्यासाठी अनुभवाचा दाखला लागतो. एकाच यंत्रावर काम करीत असताना ज्याचे कंत्राटदार तीनदा बदलले, त्याला तो दाखला कोण देणार? २०१५ पासूनच्या कौशल्य योजनेत पूर्वीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. पण प्रमाणपत्र मिळाल्यावर वेतनश्रेणी बदललीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. मग घरी चौकटीत लावण्यापलीकडे त्याचा उपयोग काय?

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

आपल्या चळवळीतील काही कॉम्रेड म्हणतात की कौशल्याची ही सारी भाषा फसवी आहे. बेकारी कौशल्याच्या अभावी नाही, कामाच्या अभावी आहे, आणि आयटीआय उत्तीर्ण तरुणही हंगामी कामावर राबत आहेत. हे म्हणणे खरे आहे. बेकारीचा दोष बेकाराच्या अज्ञानावर ढकलण्याच्या युक्तीला आपण बळी पडता कामा नये. पण त्यावरून शिक्षणाचा प्रश्न मालकाच्या आणि सरकारच्या स्वाधीन करावा, असा निष्कर्ष निघत नाही. मोठा उद्योग आपले तंत्र सतत उलथवीत असतो आणि म्हणून कामगाराला अनेक प्रकारच्या श्रमांस समर्थ व्हावे लागते, पण भांडवली व्यवस्थेत हीच गोष्ट त्याच्यावर आपत्ती म्हणून कोसळते, असे विवेचन मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात केले आहे. नवे यंत्र ज्याला कळत नाही तो कामगार मुकादमापुढे दुबळा असतो. तंत्रावरची पकड हीसुद्धा संघटनेची ताकद आहे.

शिकण्याची जिद्द कामगारात नाही, हा तर निव्वळ अपप्रचार आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती दिवसभर राबणारी माणसे तिथे येतील या विश्वासानेच. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि नोकरी करीतच शिकून शिक्षक झाले. आपल्याला त्यांचा अभिमान आहे. पण प्रत्येक कामगाराने असामान्य व्हावे, ही अपेक्षा म्हणजे धोरण नव्हे.

धोरण कसे असते ते इटलीच्या धातुकामगारांनी दाखवून दिले. मोठ्या संघर्षानंतर १९७३ च्या राष्ट्रीय करारात त्यांनी तीन वर्षांत १५० तास भरपगारी शिक्षणाचा हक्क मिळविला. तेवढेच तास कामगाराने स्वतःचे घालावयाचे. हजारो कामगारांनी या तासांतून आपले अपुरे राहिलेले शालेय शिक्षण पूर्ण केले. पुढील वर्षी, १९७४ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने भरपगारी शैक्षणिक रजेचा १४० क्रमांकाचा करार संमत केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. अमेरिकी नाकेबंदी सोसणाऱ्या क्यूबाने २००२ साली आपल्या साखर कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे बंद केले, तेव्हा तेथील कामगारांना वेतन चालू ठेवून शिकण्याचा पर्याय दिला. गरीब देशाला हे परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

मागणीपत्रात काय हवे?

आपल्याकडे बहुतेक वेतनकरार तीन-चार वर्षांचे असतात. महागाई भत्ता, बोनस, रजा, कॅन्टीन यांवर त्यात काटेकोर कलमे असतात. शिक्षणावर बहुधा एक ओळही नसते. ही उणीव चळवळीनेच भरून काढली पाहिजे. कराराच्या काळात प्रत्येक कामगाराला ठरावीक तास भरपगारी शिक्षण. शिकणाऱ्याला वर्गाच्या काळात बदलत्या पाळीतून सूट. कंत्राटी कामगारांचा समावेश आणि अनुभवाचा दाखला मुख्य मालकाने देण्याचे बंधन. प्रमाणपत्र मिळताच वरची श्रेणी. सरकारी आयटीआयमध्ये कामगारांच्या पाळ्यांना जुळणारे वर्ग. आणि सार्वजनिक आगारांत नव्या गाड्यांची देखभाल महामंडळाच्याच कामगारांकडे, या मागण्या प्रत्येक मागणीपत्रात गेल्या पाहिजेत.

यासाठी कायद्यातही एक खुंटी शिल्लक आहे. ज्या तांत्रिक बदलामुळे कपात होण्याचा संभव आहे, त्याची २१ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि नव्या संहितेतही ते राहिले आहे. अशी नोटीस येताच संघटनेचा पहिला प्रश्न असावा : नव्या यंत्रावर कोण काम करणार आणि आमच्या माणसांना ते केव्हापासून शिकविणार?

मानेसरला आज जे घडत आहे ते चाकण, रांजणगाव, वाळूज आणि अंबडच्या कामगारांनाही चुकणार नाही. मुंबईच्या गिरण्या गेल्या तेव्हा गिरणगावातील कामगाराला नवा धंदा शिकण्याची उसंत कोणी दिली नाही. त्याने रखवालदाराची काठी हाती घेतली किंवा हातगाडी लावली. तीच पाळी पुढच्या पिढीवर येऊ द्यावयाची नसेल, तर येत्या कराराच्या वाटाघाटींत शिक्षणाच्या तासांची मागणी वेतनवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली गेली पाहिजे, आणि ती मांडण्यापूर्वी प्रत्येक खात्यातील कामगारांशी बोलून कोणाला काय शिकावयाचे आहे याची यादी आपल्या हातात असली पाहिजे.