विश्लेषण : लहान मुलांमधला ‘न्यूरोब्लास्टोमा’ इतक्या लवकर का पसरतो?

तीन-चार वर्षांचे मूल पाय दुखतो म्हणून चालायला तयार नसते. वाढीचे दुखणे असेल, असे घरचे म्हणतात आणि बहुतेकदा ते खरेही असते. पण क्वचित त्यामागे न्यूरोब्लास्टोमा निघतो. मूळ गाठ पायात नसतेच. ती बहुधा पोटात, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत असते. निदान होते तेव्हा साधारण निम्म्या मुलांमध्ये हा कर्करोग हाडे, अस्थिमज्जा किंवा यकृतापर्यंत पोहोचलेला असतो.

इतकी घाई कशाची? गर्भात ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाच्या पेशी पाठीकडून निघून शरीरभर फिरतात आणि मज्जातंतूंचे काही भाग, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा घडवतात. हा कर्करोग त्यांच्याच वंशातल्या, अर्धवट घडलेल्या पेशींचा. भटकणे त्यांच्या रक्तातच! आम्हा इंजिनीअर मंडळींच्या भाषेत हा बग नाही, जुने फीचर चुकीच्या वेळी पुन्हा सुरू झाले आहे.

फ्रान्समधील लियाँच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे दाखवले. त्यांनी माणसाच्या न्यूरोब्लास्टोमा पेशी कोंबडीच्या भ्रूणात सोडल्या. पेशींनी न्यूरल क्रेस्टचीच वाट धरली, ठरल्या जागी गाठी केल्या आणि काही तिथून निसटल्या. पेशींना एकत्र धरून ठेवणारा ‘सेमाफोरिन ३सी’ हा संकेत कमी झाला, की निसटणे सुरू होते.

गंमत पुढेच आहे. वर्षाच्या आतल्या काही बाळांमध्ये हा आजार यकृत, त्वचेपर्यंत पसरूनही आपोआप विरतो. उलट ‘मायसीएन’ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील, तर तो फार आक्रमक होतो. जपानने १९८०च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासण्याची देशव्यापी मोहीम काढली. रुग्ण भरपूर सापडले, पण अनेक गाठी उपचारांविनाही विरल्या असत्या. २००४ मध्ये ती थांबली.

म्हणून ‘लवकर शोधा’ एवढी एकच घोषणा इथे अपुरी वाटते. कोणत्या पेशी निसटणार आणि कोणत्या विरणार, हे ओळखणाऱ्या संशोधनावर पैसा लागायला हवा. नाहीतर एका बाळाला नको इतकी केमोथेरपी मिळते आणि दुसऱ्याला उशिरा.

पालकांपुरते सांगायचे, तर मार न लागता डोळ्यांभोवती काळेनिळे डाग, घट्ट लागणारे पोट किंवा रात्री झोपेतून उठवणारी हाडदुखी दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा.