सिंहस्थाच्या तोंडावर यंत्रदुरुस्ती



2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तपोवन, आगरटाकळी इत्यादी जुन्या मलनिस्सारण केंद्रांचे आधुनिकीकरण करण्याचा जो संकल्प नाशिक महानगरपालिकेने सोडला आहे, त्याला कोणा नाशिककराची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती, पर्वणी जवळ आल्याखेरीज यंत्रसामग्रीकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही, या कारभारातील जुन्या वहिवाटीला.

या केंद्रांत ‘यूएएसबी’ नावाने जी पद्धती योजलेली आहे, तीत हवेवाचून जगणारे जीवाणू मैल्याचे विघटन करतात. वीज बेताची लागते, हा तिचा गुण नि:संशय मोठा. परंतु शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे 30 मिलिग्रॅम जैविक प्राणवायू-मागणी (उरलेली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) खपून जात असे तो काळ आता सरला, आणि राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली ती मर्यादा 10 वर आणल्यानंतर या टाक्यांना हवा पुरविणाऱ्या पुढच्या टप्प्याची जोड देण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तथापि हा नवा टप्पा अधिक नाजूक व अधिक खर्चिक आहे, हे मंजुरी देणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. मैल्याबरोबर येणारी रेती पंपाचे इंपेलर झिजविते. मैल्यातून सुटणारे हायड्रोजन सल्फाइड विजेच्या पॅनेलातील तांबे आणि टाकीचे काँक्रीट दोन्ही खाते. आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरची सूक्ष्म छिद्रे गाळाने बुजली, म्हणजे हवा ढकलणारा ब्लोअर पूर्ववत गरगरत असतो, विजेचे देयक फुगत असते, पाण्याला प्राणवायू मात्र मिळत नाही. दप्तरी अर्थातच केंद्र ‘चालू’ असते! शिवाय जीवाणूंना निविदेची मुदत कळत नाही. यंत्रे बसविल्यावर गाळ स्थिरावून पाणी अपेक्षेइतके निवळण्यास आठवडे, प्रसंगी महिने लागतात, आणि तोवर शहराचा मैला थांबवून धरण्याची सोय कोणापाशीही नाही. म्हणून एकेक विभाग बंद ठेवून, क्रमाक्रमाने आणि पावसाळा टाळून हे काम करावे लागते. पर्वणीच्या आदल्या उन्हाळ्यात ते उरकता येणार नाही.

आणि हे काम केवळ पर्वणीसाठी नाही. तपोवन केंद्रातून बाहेर पडणारे पाणी पर्वणीच्या स्नानाच्या रामकुंडाला शिवत नाही, ते खाली निफाडकडे, नांदूर-मधमेश्वर या महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळाकडे आणि तेथून जायकवाडीला जाते. त्या काठच्या लोकांना नदी बारा वर्षांतून एकदा नव्हे, नित्य लागते.

तेव्हा माझी सूचना अशी की, यंत्रखरेदीच्या ठरावातच घसारा निधीची तरतूद व्हावी. मालमत्ता कराच्या देयकात मलनिस्सारणापोटी जी रक्कम वसूल होते तिच्यातून प्रतिवर्षी ठरावीक हिस्सा त्यात जमा व्हावा, व तो पंप, ब्लोअर, डिफ्युझर आणि पॅनेल बदलण्याखेरीज अन्य कोणत्याही कामी, रस्त्यांच्या डांबरीकरणासाठी तर मुळीच, वळविता येऊ नये. पैसा नाही, ही सबब पुढे येईलच. पण बुजलेले डिफ्युझर वेळीच न बदलल्याने विजेवर किती जादा खर्च होतो, याचा हिशेब प्रशासनाने आधी सर्वसाधारण सभेपुढे मांडावा, आणि मग निधी परवडतो की नाही ते सभासदांनी ठरवावे.

आपला,
एक करदाता, नाशिक