ब्रेक धरतो, तेव्हा

जांब समर्थहून रात्री-अपरात्री पेशंट जालन्याला न्यायचा आणि १०८ ची रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, तर कुणाची तरी जुनी मारुती ८०० मागावी लागते. हिचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण खेड्यापाड्यांतून ती अजून गेलेली नाही. अशा गाडीचा नेहमीचा आजार म्हणजे ब्रेक धरणे. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, चाकाजवळ करपल्यासारखा वास येतो.

"ब्रेक धरतो म्हणजे चांगलाच आहे की!" असे म्हणणारे चालक आम्ही पाहिले आहेत. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. घासून घासून चाक तापते आणि आतले ब्रेक ऑईल उकळते. त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते. धरणारा ब्रेक असा ऐन वेळी लागेनासा होतो. हे ऑईल हवेतला ओलावा पिते. नवे डॉट ३ ऑईल साधारण २०५ अंशांना उकळते, तर ओलावा धरलेले १४० च्या आसपासच. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे.

दोष कुठे आहे, हे निपल सांगतो. बाकीच्या चाकांना दगड लावून गाडी जॅकवर घ्यावी. चाक निवू द्यावे. पाणी ओतू नये, ड्रम तडकतो. हाताने चाक फिरत नसेल तर निपल किंचित सैल करावा. ऑईल उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत अडकला होता. एकाच चाकाचे असे होत असेल तर रबरी होज आतून फुगलेली असते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. सगळीच चाके धरत असतील तर मास्टर सिलिंडर पाहावा. पेडलला थोडी मोकळी चाल नसेल तर ऑईल परतीचे छिद्र बंदच राहते. निपल उघडूनही चाक सुटले नाही, तर व्हील सिलिंडर किंवा हॅण्डब्रेकची केबल गंजली असे समजावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हॅण्डब्रेक ओढू नये. गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावावा.

निपल उघडल्यावर आत शिरलेली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

आणखी एक. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. गॅरेजमधला पोऱ्या ती तोंडाने फुंकत असेल तर त्याला थांबवून हाती ओले फडके द्यावे.