सडा रिकामा नसतो

मागच्या गणपतीत दादाची नवी गाडी सड्यावरच्या डबक्यातून गेली आणि पाणी टपापर्यंत उडालं. रील मी काढली. पहिल्या खेपेला पाणी नीट उडालं नाही, म्हणून ‘परत एकदा घे’ असं ओरडले तेही मीच. तेव्हा पुढचं वाचताना मला कुणी निसर्गप्रेमी वगैरे समजू नका. मी या कामातली साथीदार आहे.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. विसर्जन झालं की परतीच्या गर्दीआधीचे दोन दिवस मुंबईकरांना खायला उठतात. दादाच्या फोर बाय फोरच्या डिकीत तंबू होता, म्हणून ठरलं की एक रात्र सड्यावर काढायची. दादा, वहिनी, सहा वर्षांचा भाचा, आई, आप्पा आणि मी. वर जायची वाट लाल चिखलाची, जुनी बैलगाडीची. तिथं गाडीनं खरंच कमाल केली. दादानं फोर-लो टाकलं आणि ती म्हशीसारखी शांतपणे चढली. आप्पांचे गुडघे गेलेत. कित्येक वर्षांनी ते सड्यावर आले ते या गाडीमुळे. हे मी नाकारत नाही, आणि ‘गाड्याच नकोत’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमतही नाही.

भानगड सुरू होते वर पोचल्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, कॅरमबोर्डासारखं सपाट. तिथं जुनी अल्टोसुद्धा आरामात फिरेल. मग एवढ्या महागड्या गाडीनं तिथं करायचं काय? ती मऊ जागा शोधते. आणि सड्यावर मऊ जागा म्हणजे कातळाच्या खळग्यात जिथं दोन-चार बोटं माती टिकलीय आणि पाणी साचलंय ती. जे काही जगतं ते नेमकं तिथंच. गेंदाची पांढरी बटणं, सीतेची निळी आसवं, बेडकांची पिल्लं. या मातीत कस इतका कमी की सीतेची आसवं चक्क बारीक जीव पकडून खाते. यातली बरीच झाडं पावसाळ्यापुरती. ऑक्टोबरच्या उन्हात ती वाळतात आणि त्यांचं बी पुढच्या पावसापर्यंत त्याच चार बोटं मातीत पडून राहतं. चाक जागच्या जागी गरगरलं की ती माती उडते, खाली उघडा दगड. थोडक्यात, ज्या जागी फोर बाय फोरची गरज लागते, तीच सड्यावर न जायची जागा असते. बाकी सड्याला तिची गरजच नाही.

कातळशिल्पांबद्दल तर बोलायलाच नको. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या या चित्रांना २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, म्हणजे चार गाड्या एकामागे एक लावल्या तरी त्याच्या अंगावर मावतील. आणि तरीही तो बॉनेटवरून दिसणार नाही, कारण या रेषा दगडात उथळ कोरलेल्या असतात आणि पावसाळ्यात त्यांवर गवत असतं. कासला निदान तिकीट आहे, रोज किती लोक सोडायचे यावर मर्यादा आहे. आमच्या सड्यावर साधी पाटी नाही.

दादाचं म्हणणं वेगळं. ‘चिरेखाणवाले अख्खा सडा कापून ट्रकनं नेतात, तुला माझे चार टायर दिसले?’ खाणींनी सडे खाल्ले हे खरंच आहे. पण खाणवाला मुलाला निसर्ग दाखवायला आलोय असं म्हणत नाही. शिवाय या दोघांना सडा दिसतो तो सारखाच: रिकामा. अशी बरीच जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागते. तलाठ्याच्या कागदावर खराबा, खाणवाल्याला माल, आणि आपल्याला बॅकग्राउंड. रिकाम्या जागेचं काय बिघडणार, हा समज आमच्यासारख्या रीलनं पक्का होतो. त्या रीलखाली चाळीसेक जणांनी एकच विचारलं होतं: ‘लोकेशन?’ मी सगळ्यांना पाठवलं. हौसेनं.

वहिनी म्हणते, आपण चॉकलेटचा कागदसुद्धा मागे सोडला नाही. नव्हताच सोडला. तिनं काडीपेटीची जळकी काडीही पिशवीत भरून आणली. म्हणून तर आम्ही सगळे इतके निवांत होतो. कचरा केला नाही की आपण शहाणे, असं आपल्याला वाटायला लागलंय.

सकाळी उठून बघितलं तर डबक्याच्या काठाला चाकांचे दोन चर पडले होते आणि पाणी त्यांतून खालच्या उताराला निघून गेलं होतं. भाचा चहाच्या कपानं उरलेली बेडकांची पिल्लं पाण्याच्या बाटलीत भरत बसला होता. आप्पा घडीच्या खुर्चीवर होते. म्हणाले, ‘या डबक्यावर आमची गुरं पाणी प्यायची. दिवाळीपर्यंत पुरायचं.’

‘मग काल बोलला का नाही?’

‘गाडी त्याची.’

माझा खरा राग इथं आहे. ज्या माणसाला या सड्याचं डबकं न् डबकं पाठ, तो मागच्या सीटवर गप्प बसला, कारण पुढे हप्त्यावरची गाडी होती, मुलगा खुशीत होता आणि मुलीच्या हातात फोन होता. सहलीला घरचं माणूस न्यायचं आणि त्याला एक शब्द विचारायचा नाही, ही कसली फॅमिली ट्रिप? जाहिरातीत गाडी डोंगरावर एकटीच उभी असते. तिथं वाट विचारायला माणूस नसतो, तशी आम्हीही विचारली नाही.

रील मी काढून टाकली. दादाच्या फोनवर ती आहे. यंदा एवढंच कबूल झालंय की गाडी बैलगाडीच्या वाटेनं चढेल आणि वाट संपते त्या वडाखाली थांबेल. तिथून तंबू पाठीवर. आप्पा म्हणतात, तेवढं मी चालेन, मधे दोनदा बसायला लागेल. त्यामुळे त्यांची खुर्ची कोणी उचलायची यावरून सध्या फॅमिली ग्रुपवर भांडण चालू आहे.