संकेतस्थळ सांभाळणाऱ्या संस्थांनी साधन कोणते निवडावे ?

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकरी उत्पादक कंपन्यांना कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पुढे २०२० साली दहा हजार नव्या शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना केंद्र शासनाने हाती घेतली. अशा संस्थांपैकी ज्यांनी स्वतःचे संकेतस्थळ उघडले आहे, त्यांच्या दृष्टीने ते संकेतस्थळ म्हणजे बाजारपेठेतील दुकानच होय. कोणता माल शिल्लक आहे, त्याची प्रत कशी आहे, भाव काय आहे, आगाऊ रक्कम कोणत्या खात्यावर भरावी, हे सर्व परगावचा व्यापारी तेथेच वाचतो. तथापि उद्घाटनाच्या दिवशी जो उत्साह दिसतो तो पुढे टिकतोच असे नाही. गेल्या हंगामातील भाव यंदाच्या हंगामातही तसेच झळकत राहतात, आणि चौकशी केली असता उत्तर मिळते की, फाइल वर कशी चढवावी हे माहीत असलेला मुलगा आता शहरात नोकरीला गेला.

संकेतस्थळ म्हणजे दूरच्या एखाद्या सर्व्हरवर ठेवलेल्या फाइलींचा संच. संस्थेच्या कार्यालयातील संगणकावरून या फाइली तेथे नेणे व तेथून परत आणणे, यासाठी एक लहानसे साधन लागते. ते कोणते घ्यावे, असा प्रश्न संस्थांचे चालक विस्तार कार्यकर्त्यांना विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. गाडी कोणती घ्यावी याची चर्चा होते, ती कोणत्या रस्त्याने न्यावयाची याची होत नाही. येथे मुख्य महत्त्व रस्त्याला आहे.

जुना रस्ता एफटीपी या नावाने ओळखला जातो. फाइली नेण्या-आणण्याची ही पद्धत कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत असताना १९७१ साली लिहून काढली. त्या काळी संगणकांचे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते व संशोधन संस्थांपुरते होते. सर्वजण एकमेकांना ओळखणारे; अशा वस्तीत दाराला कुलूप नसले तरी चालते. म्हणून या पद्धतीत परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, जसाच्या तसा उघडा पाठविला जातो. पोस्टकार्डावर लिहिलेला मजकूर वाटेत कोणीही वाचावा, तसाच तो वाटेतील यंत्रांवरून वाचता येतो. पुढे वस्ती वाढली आणि तीत चोरही आले. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर टाटू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही सुरक्षित पद्धत तयार केली. तिच्यावरच एसएफटीपी उभी आहे. हिच्यात परवलीचा शब्द आणि फाइली दोन्ही बंद पाकिटातून जातात. एफटीपीएस म्हणून आणखी एक पद्धत आहे. ती जुन्या एफटीपीलाच आवरण घालून केलेली असून तीही चालण्यासारखी आहे. नावे सारखी असल्यामुळे घोटाळा होतो, एवढे ध्यानात ठेवावे. क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी तर २०२१ साली जुन्या एफटीपीचा आधारच काढून टाकला.

हा केवळ तांत्रिक काथ्याकूट नव्हे. समजा, एखाद्या संस्थेचा परवलीचा शब्द चोराच्या हाती लागला. तो संकेतस्थळ मोडीत नाही. मोडले तर लगेच कळेल. तो फक्त एका पानावरील बँक खात्याचा क्रमांक बदलतो. हळदीचे चित्र तेच, संस्थेचे नाव तेच, भावही तेच. परगावचा व्यापारी विश्वासाने आगाऊ रक्कम भरतो आणि ती भलत्याच खात्यावर जाते. हळद शेतकऱ्यांच्या घरात पडून राहते, व्यापारी संस्थेला दोष देतो, आणि वर्षानुवर्षे मिळविलेली पत एका आठवड्यात जाते. म्हणून सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच की, एसएफटीपी मिळते काय ? ती नसेल तर एफटीपीएस आहे काय ? दोन्ही नसतील, तर जागा कितीही स्वस्त असली तरी त्या कंपनीशी व्यवहार न करणे इष्ट होय.

रस्ता ठरल्यावर साधनाची निवड फारशी कठीण राहत नाही. आणि त्यासाठी पैसे मोजण्याचीही सहसा गरज नाही. महागडे साधन गळ्यात मारू पाहणाऱ्या विक्रेत्यास खुशाल परत पाठवावे. विनएससीपी, फाइलझिला आणि सायबरडक ही तीनही साधने विनामूल्य मिळतात आणि तिन्हींत एसएफटीपीची सोय आहे. विनएससीपी केवळ विंडोज असलेल्या संगणकावर चालते. फाइलझिला विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर, तर सायबरडक विंडोज व मॅक यांवर चालते.

ज्या कार्यालयात विंडोजचा एकच संगणक आहे, तेथे विनएससीपीला पहिली पसंती द्यावी. त्याचे कारण खेड्यातील विजेत आहे. फाइल चढत असता मध्येच वीज गेली, तर अर्धवट फाइल चांगल्या फाइलीच्या जागी जाऊन बसण्याचा धोका असतो. एसएफटीपीने काम करताना विनएससीपी हे साधन शंभर किलोबाइटांहून मोठी फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढविते आणि ती पूर्ण पोहोचल्यावरच तिला खरे नाव देते. मधल्या काळात जुनी फाइल शाबूत राहते, आणि वीज आल्यावर राहिलेले काम तेथूनच पुढे नेता येते. फाइलझिलातही अर्धे राहिलेले काम पुढे चालू करता येते; एकाहून अधिक प्रकारचे संगणक असलेल्या संस्थेला तेच सोयीचे पडेल. तसेच फाइलझिला बसविताना प्रत्येक पान वाचूनच पुढे जावे, कारण त्यासोबत इतर कार्यक्रम बसविण्याची विचारणा झाल्याच्या तक्रारी पूर्वी झालेल्या आहेत.

साधन कोठून घेतले जाते, याला फार महत्त्व आहे. जानेवारी २०१४ मध्ये अवास्ट या संगणक-सुरक्षा कंपनीने फाइलझिलाच्या बनावट प्रती फिरत असल्याचे उघड केले. त्या प्रती खऱ्याप्रमाणेच काम करीत, फाइलीही बिनबोभाट चढवीत; मात्र परवलीचा शब्द गुपचूप चोराकडे धाडीत. बोगस बियाण्याचा अनुभव घेतलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पिशवी तीच, शिक्का तोच. साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. मित्राच्या पेनड्राइव्हवरून किंवा शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून घेऊ नये.

प्रथम जोडणी करताना साधन सर्व्हरचा एक ठसा दाखविते आणि तो मान्य आहे काय असे विचारते. बहुतेक ठिकाणी न वाचताच होय म्हटले जाते. हा ठसा म्हणजे सर्व्हरच्या अंगठ्याचा ठसाच समजावा. जागा देणाऱ्या कंपनीकडून तो मागून घेऊन एकदा ताडून पाहावा. आणि पुढे कधी ठसा बदलल्याची सूचना आली, तर काम थांबवून कंपनीकडे चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. परवलीचे शब्द साधनातच साठवून ठेवावयाचे असल्यास त्यांवर मुख्य परवलीचा शब्द लावावा. विनएससीपीत ही सोय आहे, फाइलझिलात ती २०१७ पासून आहे. अनेकांच्या वापरातील संगणकावर तर ते न साठविणेच बरे.

बारीकसारीक अडचणींपैकी एक मात्र वारंवार येते. विंडोजच्या संगणकावर इंग्रजी मोठी व लहान अक्षरे सारखीच मानली जातात; लिनक्सच्या सर्व्हरवर ती भिन्न धरली जातात. त्यामुळे कार्यालयात नीट दिसणारे चित्र संकेतस्थळावर दिसत नाही आणि दोष विनाकारण साधनाला दिला जातो. फाइलींची नावे लहान इंग्रजी अक्षरांत व मधे जागा न सोडता द्यावीत.

साधन बसविल्यावर पहिले काम फाइली चढविण्याचे नसावे, सर्व्हरवरील सर्व फाइली उतरवून घेण्याचे असावे. वर्डप्रेसवर उभारलेल्या संकेतस्थळाच्या बाबतीत येथे एक फसगत संभवते. त्यातील लेख व भावपत्रके फाइलींत नसून डेटाबेसमध्ये असतात. नुसत्या फाइली उतरवून घेतल्या म्हणजे कोठार जपले आणि धान्य राहिले, असा प्रकार होतो. डेटाबेसची प्रत वेगळी घेतली पाहिजे. दोन्हीकडच्या फाइली आपोआप सारख्या करण्याची जी सोय यांपैकी काही साधनांत असते, ती नवशिक्याने वापरू नये. तीत पुसून टाकण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर कार्यालयातील संगणकावर नसलेली प्रत्येक फाइल सर्व्हरवरूनही नाहीशी होते.

आता मूळ दुखण्याकडे वळणे आवश्यक आहे. ते साधनात नसून मालकीत आहे. संकेतस्थळाचे नाव एखाद्या संचालकाच्या पुतण्याच्या नावे नोंदलेले, सर्व्हरचे खाते तालुक्याच्या दुकानदाराच्या ईमेलवर, आणि परवलीचा शब्द तिसऱ्याच्याच भ्रमणध्वनीत, अशी स्थिती असेल तर उत्तमातले उत्तम साधनही निरुपयोगी होय. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. सोय म्हणून ज्याने केले त्याच्या नावे झाले, इतकेच. परंतु दुकानदाराशी बेबनाव झाला किंवा पुतण्या परगावी गेला, की संस्थेला स्वतःच्याच दुकानाच्या दारात उभे राहावे लागते. नाव व खाते दोन्ही संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या ईमेलवर असावीत. सर्व्हरवर प्रत्येक काम करणाऱ्यास स्वतंत्र प्रवेश द्यावा, एकच परवलीचा शब्द चौघांत वाटू नये. मुख्य परवलीचा शब्द लाखबंद पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवावा व तशी नोंद संचालक मंडळाच्या इतिवृत्तात करावी. काम करणारा माणूस सोडून गेला, की त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करून मुख्य शब्द बदलावा; तो मनुष्य कितीही विश्वासू असला आणि त्याला निरोपाचा नारळ देऊन पाठविले असले तरीही.