रबरी गोळीची परीक्षा

आमच्या करंज्याला दारूगोळ्याचे अप्रूप नाही. गावाजवळ नौदलाचे शस्त्रागार आहे. एका बाजूला सुकत घातलेली मासळी आणि दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण, हे पाहतच आम्ही वाढलो. पण गोळी माणसाला लागते म्हणजे काय होते, हे उरण तालुक्याला कळले ते 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागत शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले.

"तेव्हा रबरी गोळ्या असत्या तर?" असे जानेवारीत कुणीतरी म्हणतेच. पूर्वी मीही म्हणत असे. रबर म्हटले की आपल्याला शाळेतला खोडरबर आठवतो ना!

उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने 1970 साली रबरी गोळ्या आणल्या, पुढे प्लॅस्टिकच्या. दोन्ही मिळून तिथे 17 माणसे मेली, त्यांत 8 मुले होती. जगभरच्या अशा जखमींच्या नोंदी काही डॉक्टरांनी एकत्र करून 2017 साली प्रसिद्ध केल्या. 1,984 जखमींपैकी 53 दगावले होते आणि 300 जणांना कायमचे अपंगत्व आले होते. डोळे गेलेल्यांची संख्या मोठी होती.

मग या गोळ्यांची चाचणी होत नाही का? होते. बंदूक पक्की बसवतात, गोळीचा वेग यंत्राने मोजतात आणि माणसाच्या मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यावर ती झाडून किती आत शिरते ते पाहतात. यातली खरी गोम वेगात आहे. वेग दहा टक्क्यांनी वाढला की आघाताची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे एकाच खोक्यातल्या दोन काडतुसांत थोडा फरक पडला, तरी एकाला नुसता वळ उठेल आणि दुसऱ्याची बरगडी मोडेल. त्यात बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. गोळीला फिरकी मिळत नाही आणि दूरवर नेम राहत नाही. एका काडतुसात अनेक रबरी गोळ्या असल्या तर त्या पसरतात आणि कडेला उभ्या असलेल्या पोराला लागतात. नेम लागावा म्हणून जवळून झाडावी, तर ती कातडी फोडून आत जाते. अनेक गोळ्या एकदम सोडणे साधारणपणे समर्थनीय ठरत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

जिलेटिनचा ठोकळा मात्र पळत नाही, खाली वाकत नाही. समोर दगड येत असताना शिपायाला पावले मोजायला सवडही नसते. आणि "हिने माणूस मरत नाही" असे सांगितले, की बोट चापावर लवकर जाते. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

लाठी आणि बंदूक यांच्या मधले काही साधन पोलिसांना हवे, हे मला मान्य आहे. पण कोणत्या अंतराच्या आत ही गोळी झाडायची नाही, काडतुसा-काडतुसात वेगाचा फरक किती, जुने झाल्यावर रबर किती कडक होते, याचा अहवाल बनवणाऱ्याने नव्हे, तिऱ्हाइताने द्यावा. प्रत्येक वापरानंतर जखमींची नोंद डॉक्टरांनी त्याला जोडावी, आणि ते कागद तालुक्याच्या पोलीस ठाण्यात कुणालाही मागून वाचता यावेत. आमच्या करंज्याच्या कोळणीलासुद्धा.